वाक्याचा शेवट

आमच्या घरी दुपारी दोन ते तीन ही आईंची वाचनाची वेळ. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हापासून बघत आले होते. ओटा आवरला की त्या खिडकीपाशी खुर्ची ओढणार, पदराने चष्मा पुसणार आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडणार. त्या तासात त्यांना कुणी हाक मारायची नाही. वयाच्या ७८व्या वर्षी त्यांना मॅक्युलर डीजनरेशन निघालं. यात डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग झिजत जातो. कडेचं दिसतं, समोरचं जातं. दारातून कुणीतरी आत आलं हे कळतं, पण त्याचा चेहरा दिसत नाही. पान दिसतं, ओळ दिसत नाही. इंजेक्शनं झाली, भिंग आणलं, खुर्चीजवळचा दिवा बदलला. शेवटी एका दुपारी त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तूच वाच गं. मला आता अक्षरांच्या जागी मुंग्या दिसतात."

दीड वर्ष मी रोज वाचलं. खरं सांगते, सुरुवातीला ते माझ्यासाठी औषधाच्या वेळेसारखंच एक काम होतं. एका कानाने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि डोळ्यांनी ओळी ओढत न्यायच्या. आई मध्येच "काय म्हणालीस?" असं विचारायच्या. मला वाटायचं, आता ऐकूही कमी येऊ लागलं की काय. कान तपासून घेतले. कान ठणठणीत होते.

मग नेत्रतज्ज्ञांकडच्या समुपदेशक बाईंनी अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेचा पत्ता दिला. आईंचं नाव तिथे नोंदवायला गेले. दृष्टीचं प्रमाणपत्र दाखवलं, अर्ज भरला. निघताना तिथल्या मुलीने विचारलं, "तुम्ही घरी वाचून दाखवता ना? आमच्याकडे मराठी वाचणाऱ्यांची फार गरज आहे. आवाजाची चाचणी देऊन बघता का?" मी मान हलवली. नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

चाचणीत तीन उतारे वाचायचे होते. एक अग्रलेख, एक गोष्टीतला संवाद आणि एक आकडे, तारखा, परकी नावं यांनी भरलेला परिच्छेद. आठवड्याने तपासनीस सरांचा फोन आला. सर जन्मापासून अंध आहेत. एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आणि आता रोज चार-पाच तास इतरांची वाचनं ऐकून चुका काढतात. ते म्हणाले, "ताई, आवाज चांगला आहे. उच्चार स्वच्छ आहेत. पण तुम्ही वाक्याचा शेवट गिळता."

मला नीट समजलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं, "मराठीत क्रियापद शेवटी येतं. तो आला की आला नाही, ती गेली की जाणार होती, सगळं त्या शेवटच्या शब्दावर. तुमचा आवाज तिथपर्यंत पोचतच नाही. तुमच्या 'नाही'तला मला फक्त 'ना' ऐकू येतो, कधी तोही नाही. ऐकणाऱ्याने काय समजायचं?"

त्यांनी माझंच रेकॉर्डिंग पाठवलं. रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून ऐकलं. वयाच्या ५४व्या वर्षी मी पहिल्यांदा माझा आवाज इतक्या जवळून ऐकत होते. वाक्य छान उचललेलं, मध्यापर्यंत स्पष्ट, आणि मग कुणी मध्ये बोलेल या धास्तीने मागे सरकलेलं. प्रत्येक वाक्य. कुणीही मध्ये बोलत नव्हतं, समोर फक्त मोबाइल होता, तरी मी जागा करून देत होते. आईंचं "काय म्हणालीस?" मला त्या रात्री कळलं.

सरांनी एक महिना सराव दिला. रोज वर्तमानपत्रातली दहा वाक्यं घ्यायची आणि शेवटच्या शब्दाला पहिल्या शब्दाइतकाच श्वास ठेवायचा. जोर द्यायचा नाही, फक्त श्वास राखून ठेवायचा. यासाठी वाक्य सुरू करण्याआधीच ते कुठे संपणार आहे हे डोळ्यांनी बघून घ्यावं लागतं. बोलताना मी असं कधीच केलं नव्हतं. घरात माझी बहुतेक वाक्यं अर्ध्यावर दुसऱ्या कुणीतरी उचललेली असायची. लेक, मुलगा, हे, सगळ्यांना मी काय म्हणणार ते आधीच माहीत असायचं. खरंच माहीत असायचं, म्हणून त्यात कुणाचा दोष आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही.

महिन्याने पुस्तक आलं. २४८ पानांची, १९ प्रकरणांची कादंबरी. नाव इथे सांगत नाही, कारण ते रेकॉर्डिंग संस्थेच्या सभासदांपुरतंच आहे. मी पहिला प्रश्न विचारला तो लेखिकेच्या परवानगीचा. तेव्हा समजलं की कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात, नफा न घेता पुस्तक करायचं असेल तर परवानगी लागत नाही. मात्र ते त्यांच्याखेरीज इतरांपर्यंत जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. अंध वाचकांच्या पुस्तकांसाठी २०१३ मध्ये माराकेश इथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. अंध माणसाच्या वाट्याला येणारी पुस्तकं आधीच किती थोडी, त्यात प्रत्येक पुस्तकासाठी परवानगीच्या दारात उभं राहायचं म्हणजे आयुष्य जायचं. हा कायदा करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते.

घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी शांत जागा हवी. डोंबिवलीत शांतता कुठून आणायची? आमची इमारत रुळांपासून दहा मिनिटांवर. दिवसभर लोकलचे भोंगे, घंटागाडीचं गाणं, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, सहाला सुटणारं पाणी आणि त्याबरोबर सुरू होणारा मोटारीचा घरघराट. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून संस्थेला पाठवली. पहाटे साडेचार ते पावणेसहा ही एकच वेळ जमण्यासारखी निघाली. गाड्या तेव्हाही सुरू असतात, पण दोन गाड्यांच्या मध्ये वाचण्याइतकी फट मिळते. जागा ठरली मुलाच्या खोलीतलं लाकडी कपाट. तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून ते अर्धं रिकामंच होतं. दारं उघडी ठेवायची, आत साड्या टांगलेल्या, पाठीमागे खुर्चीवर दोन गोधड्या टाकलेल्या. कापड आवाज पितं, भिंत तो परत फेकते. संस्थेने माइक दिला, भाचीने ऑडॅसिटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला एकदा विसरले आणि दोन लिटर दूध नासलं, तेव्हापासून गाडीच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवायची सवय ह्यांनी लावून दिली. सकाळी किल्ली हवी म्हटलं की फ्रिज उघडावाच लागतो.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मागे सारखं बारीक किणकिण. बांगड्या. पान उलटताना, चष्मा सारखा करताना, श्वास घेतानासुद्धा. मंगळसूत्राचे मणीही कापडावर घासत होते, पण ते ब्लाउजच्या आत टाकता आले. बांगड्यांचं काय करायचं? आईंना मोकळे हात चालत नाहीत, हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत. मी दोन्ही मनगटांना रुमाल गुंडाळून आठ दिवस काढले. नवव्या दिवशी पहाटे आई पाणी प्यायला उठल्या. काठीने चाचपत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर पडला. "हे काय बांधलंयस? लागलं का?" मी सांगितलं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग रुमाल सोडला, एकेक बांगडी हलक्या हाताने उतरवली आणि मुलाच्या टेबलावरच्या पेनाच्या डब्यात ठेवली. "झालं वाचून की घाल," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून रोज पहाटे तो डबा असतोच.

वाचताना चूक झाली की चुटकी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. चुटकीने पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत एक उंच सुळका उभा राहतो. नंतर काटछाट करताना तो सुळका शोधायचा, की चूक सापडते. पहिल्या आठवड्यात माझी रेघ म्हणजे सुळक्यांचं रान होतं. कादंबरीचं पूर्ण वाचन १० तास ४० मिनिटं भरलं. कॅसेटच्या काळात हे ९० मिनिटांच्या आठ कॅसेटांत बसलं असतं. पण एक तास तयार व्हायला वाचणं, काटणं, परत ऐकणं धरून चारेक तास लागतात. नोव्हेंबरात सुरुवात केली आणि पावसाच्या आत संपवायचंच होतं, कारण आमच्या खिडकीवर पत्रा आहे. पाऊस सुरू झाला की त्याखाली माणूस माणसाशी बोलू शकत नाही, माइकची काय कथा.

आता त्या कादंबरीबद्दल. एक बाई आहे, पन्नाशीच्या आसपासची. नवरा, सासू, दोन मोठी झालेली मुलं. काही म्हणजे काही घडत नाही. ती घर सोडत नाही, कुणाच्या प्रेमात पडत नाही, कुणी मरत नाही. पहिली तीन प्रकरणं वाचताना मी मनातून वैतागलेच होते. वाटलं, हे मला कशाला वाचायला दिलं, हे तर मी रोज जगतेच आहे. रहस्यकथा असती तर गोष्टच वाचकाला पुढे ओढून नेते. इथे ओढायला काहीच नाही. वाक्य नीट वाचलं तरच त्यात काय आहे ते कळतं, नाहीतर बाई भाजी निवडते आहे एवढंच ऐकू येतं.

चौथ्या प्रकरणात ती बाई हिशेबाच्या वहीत दूध, किराणा, इस्त्री असं लिहीत असते. एका ओळीत रकमेच्या जागी ती लिहिते की आज पेरूला फुलं आली. मग पान भरेपर्यंत परत हिशेब. दुसऱ्या दिवशी नवरा वही तपासतो, बेरीज करतो, ती ओळ त्याला दिसते आणि तो काही न बोलता बेरीज पुढे नेतो. एवढंच. मी हे पान चार वेळा वाचलं. पहिल्यांदा नवऱ्याच्या ओळींत माझ्या आवाजात राग आला. दुसऱ्यांदा कीव आली. दोन्ही चूक होतं. लेखिकेने त्याला वाईट केलेलं नाही, बिचाराही केलेलं नाही. त्याने ती ओळ खोडलीही नाही. चौथ्यांदा मी काहीच न घालता, जसं लिहिलंय तसं वाचलं, आणि वाचून झाल्यावर कपाटासमोर कितीतरी वेळ बसून राहिले. सहाचं पाणी येऊन गेलं.

अशा पुस्तकात नाटकीपणा चालत नाही, हे सरांनी आधीच सांगितलं होतं. ऐकणारे पुष्कळजण दीडपट वेगाने ऐकतात, कुणी दुप्पट. तुम्ही घातलेले हुंदके त्या वेगात विचित्र ऐकू येतात. "तुम्ही रडू नका, पुस्तकाला रडू द्या. ऐकणाऱ्याला त्याचं त्याचं वाटू द्या," असं ते म्हणायचे. मला हे अवघड गेलं. मी घरात सगळ्यांसाठी वेगवेगळ्या आवाजांत बोलत आले होते. ह्यांच्याशी बोलताना जरा समजुतीचा, मुलांशी खेळकर, आईंशी खाली मान घातलेला, शेजारी हसरा. त्यातला कुठलाच आवाज त्या पुस्तकाला चालेना. मग उरला तो कोणता, हे मला रोज पहाटे शोधावं लागायचं. कधी पंधरा मिनिटांत सापडायचा, कधी सापडायच्या आत उजाडायचं.

आणखी एक गोष्ट म्हणजे थांबणं. या लेखिकेला मोकळ्या जागा फार आवडतात. परिच्छेदानंतर कोरी ओळ, संवादानंतर नुसती टिंबं. मी तिथे मनापासून थांबायचे, चार सेकंद, पाच सेकंद. सरांनी सगळं परत पाठवलं. अंध माणूस ऐकत असताना तीन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली की त्याला वाटतं यंत्र बंद पडलं, आणि तो बटणं दाबायला लागतो. डोळस वाचकाला कोरी जागा दिसते, त्याला ती दिसत नाही. म्हणजे शांतताही मोजूनच द्यायची, आणि ती आधीच्या शब्दात साठवायची. आधीचा शब्द पूर्ण टेकला, तर दोन सेकंदही पुरतात. पुन्हा गाडी शेवटच्या शब्दावरच आली.

फेब्रुवारीत कोल्हापूरला ह्यांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न होतं. केळवण, हळद, लग्न, सत्यनारायण धरून पाच दिवस. माझी अकरा ते तेरा ही प्रकरणं महिनाअखेर द्यायची होती आणि आवाज नुकता स्थिरावायला लागला होता. जेवताना हे तिकिटांचं बोलत होते. मी म्हणाले, "लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने येईन. पाच दिवस येणार नाही." ह्यांनी मान वर केली. मी मोठ्याने बोलले नव्हते, रागावलेही नव्हते. पण वाक्य पूर्ण झालं होतं, त्याला पुढे कुणी काही जोडावं अशी जागाच राहिली नव्हती. ते म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने, "आईंचं मग इथेच ठेवू, तू आहेस तर." मी "हो" म्हटलं. एवढं सोपं होतं, याचंच मला त्या रात्री वाईट वाटलं. किती वर्षं मी अर्ध्या वाक्यावर थांबून समोरच्याने उरलेलं ओळखावं म्हणून वाट बघत बसले होते.

मार्च-एप्रिलमध्ये कोकिळा सुरू झाली. पावणेपाचपासून ओरडायची. पंधरा दिवस साडेतीनला उठले.

मराठी वाचनातली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे च, ज आणि झ. लिहिताना अक्षर एक, उच्चार दोन. 'चार'मधला च तालव्य, म्हणजे जीभ टाळूला लागते; 'चारा'तला दंततालव्य, म्हणजे ती दातांमागे लागते. 'माझा'तला झ वेगळा, 'माझी'तला वेगळा. 'जग' आणि 'जगणं' एकाच वाक्यात आले तर जीभ दोन ठिकाणी लागते. आपण लहानपणापासून कानाने शिकतो म्हणून चुकत नाही, पण लिपीत खूण नसल्यामुळे मशीनचा आवाज इथे वारंवार फसतो. सर म्हणतात, म्हणूनच माणसाचं वाचन हवं. मी पुस्तकाच्या छायाप्रतीवर पेन्सिलने खुणा करून ठेवायचे. श्वासाला उभी रेघ, थांब्याला दोन रेघा आणि शंका येईल अशा ठिकाणी दंततालव्य च-ज खाली टिंब.

मेमध्ये शेवटचं प्रकरण पाठवलं. चार दिवसांनी सरांचा फोन. "ताई, पान १८७. 'जरा' मुद्दाम तसा वाचलात का?"

पान काढलं. बाई दुपारी आरशासमोर केस विंचरते आहे. पुढची दोन वाक्यं अशी: खिडकीतली सावली आत आली होती. जरा चेहऱ्यावर उतरली होती.

'जरा' म्हणजे थोडी, तेव्हा ज दंततालव्य. 'जरा' म्हणजे म्हातारपण, तेव्हा ज तालव्य. छापलेल्या पानावर दोन्ही शक्य आहेत. सावली थोडीशी चेहऱ्यावर उतरली, की म्हातारपण चेहऱ्यावर उतरलं? आवाजाला मात्र एकच निवडावं लागतं, आणि मी म्हातारपण निवडलं होतं. मुद्दाम नाही. माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. त्या शब्दाखाली पेन्सिलची खूणही नव्हती, म्हणजे तयारी करताना मला शंकाच आली नव्हती.

मी सरांना दोन दिवस मागून घेतले. पुस्तक पहिल्यापासून चाळलं. या लेखिकेने 'जरा' पानोपानी वापरलाय. जरा थांब, जरा बरं वाटलं, जरा मीठ कमी. सगळीकडे अर्थ 'थोडं'. वयाबद्दल बोलायचं तिथे ती 'वय झालं' म्हणते, 'म्हातारपण' म्हणते. संस्कृत शब्द तिच्या बाईच्या तोंडी येतच नाही. मग एकाच ठिकाणी कशाला येईल? दुपारी आईंनाही विचारलं. काही न सांगता दोन्ही वाक्यं आधी एका उच्चाराने, मग दुसऱ्या उच्चाराने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सावलीच आहे ती. पुढे काय होतं?" पुढे ती बाई खुर्ची थोडी सरकवते आणि केस विंचरत राहते. "बघ," आई म्हणाल्या, "सावली होती म्हणून सरकली. म्हातारपण असतं तर खुर्ची सरकवून काय उपयोग?"

मला तेव्हा उमगलं की त्या पहाटे आरशासमोर ती बाई नव्हती, मी होते. माझं वय मी तिच्या तोंडावर ठेवलं होतं. सगळं पुस्तक जसं लिहिलंय तसं वाचलं असं मी समजत होते, आणि एका अक्षरात माझी भीती शिरली होती. सर नसते तर ती तशीच कितीतरी घरांत गेली असती.

एक शब्द दुरुस्त करायला तीन पहाटा लागल्या. नव्या शब्दाचा आवाज आधीच्या-नंतरच्या आवाजाशी जुळावा लागतो. माइकचं तेच अंतर, त्याच साड्या, तोच घसा. शेवटी पूर्ण परिच्छेदच नव्याने वाचला. खिडकीतली सावली आत आली, थोडीशी चेहऱ्यावर उतरली. बाईने खुर्ची सरकवली.

पुस्तकाच्या सुरुवातीची घोषणा सर्वांत शेवटी करायची असते, कारण तोवर आवाज स्थिर झालेला असतो. पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशन, वर्ष, पानं आणि मग 'वाचन' म्हणून आपलं नाव. माझं माहेरचं नाव चार अक्षरी. लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं ते दोन अक्षरी. कोणतं सांगायचं? दोन्ही रेकॉर्ड करून ऐकली. माहेरचं नाव मी तीस वर्षांत मोठ्याने उच्चारलंच नव्हतं, ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. शेवटी दोन अक्षरीच ठेवलं. आई मला त्याच नावाने हाक मारतात आणि हे वाचन त्यांच्या खुर्चीपाशी सुरू झालं. पण सात वेळा मी आडनाव गिळलं. आठव्यांदा ते शेवटपर्यंत नीट आलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेमरी कार्ड आलं. आईंच्या पुस्तकं ऐकायच्या यंत्राला उठावदार बटणं आहेत, प्रकरण मागे-पुढे न्यायचं बटण त्यांना बोटाने कळतं. दुपारी दोनला त्यांनी खुर्चीत बसून यंत्र लावलं. मी नेहमीप्रमाणे शेजारी स्टूल घेतलं, तर म्हणाल्या, "तू कशाला बसतेस? तू वाचतेयस ना इकडे." मी उठले. भाजीची पिशवी घेतली, छत्री घेतली, दार ओढून घेतलं. खिडकी उघडी होती. चौथं प्रकरण चालू असावं, आई मधूनच ऐकायला लागल्या होत्या. नवऱ्याने बेरीज पुढे नेली, ओळ खोडली नाही. त्यातलं 'नाही' मला पहिल्या मजल्याच्या वळणावर स्पष्ट ऐकू आलं.